नदी गोठते, मग वीज कुठून?

आपल्याकडे जलविद्युतचा शत्रू उन्हाळा. लडाखमध्ये तो हिवाळा. लेहजवळ सिंधूवर स्टाकना इथं 4 मेगावॅटचं छोटं केंद्र आहे. अशा नद्यांत कडाक्याच्या थंडीत खळाळत्या पाण्यात बर्फाचे बारीक कण तयार होतात, जाळीला चिकटतात आणि टर्बाइनचं पाणी अडतं. नेमकी गरज असते तेव्हाच वीज घटते. म्हणून लेहनं वर्षानुवर्षं डिझेल जाळलं. 2019 मध्ये श्रीनगर-लेह वीजवाहिनीचं लोकार्पण झालं. पण वाहिनीपासून लांबच्या गावांचं काय? उपाय जुनाच आहे : जाळीआधी पाणी संथ करा, वर बर्फाची साय धरू द्या, खालचं पाणी वाहतं राहतं. उद्घाटनांच्या बातम्या आम्ही पत्रकार देतोच. जाळीचीही द्यायला हवी, असं मला वाटतं.