वाचणे आणि वांचणे

इंग्रजीतील 'रीड' हे क्रियापद शाळकरी मुलासही ठाऊक असते. पण त्याच्या पोटी अर्थ पुष्कळ. प्राचीन इंग्रजीत सल्ला देणे, कोडे उलगडणे या अर्थांनीही ते येई. आपले 'वाचणे' त्याहून नवलाचे. 'मुले वाचतील' असे लिहिले, तर ती पुस्तक वाचतील की मरणातून वाचतील, हे मागचेपुढचे पाहिल्याखेरीज कळत नाही.

वस्तुतः हे शब्द दोन. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या कोशात 'वाचणें' आणि 'वांचणें' निरनिराळे आहेत. पहिला संस्कृत 'वाचयति'पासून आला. त्याचा मूळ अर्थ बोलावयास लावणे. लिखिताला वाचा फोडावयाची, ती मोठ्यानेच. प्रेषितांच्या कृत्यांत (८:३०) फिलिप इथियोपी अधिकाऱ्याचे वाचन कानांनी ऐकतो, ते यामुळेच. आमच्याच जिल्ह्यात नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरीही श्रोत्यांपुढे बोलली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. दुसरा शब्द 'वञ्च्' धातूचा. निसटणे, संकट चुकविणे हा त्याचा भाव. 'पाण्यावाचून' यातील 'वाचून' त्याच कुळातले.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात हे दोन्ही शब्द एकाच घरात नांदले. १८७६–७८ च्या दुष्काळाने येथील खेडी उजाड केली. त्यातून जे वांचले, त्यांच्यापैकी अनेक दलित कुटुंबे पुढील वर्षांत ख्रिस्ती झाली. केवळ धान्यासाठी, असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हांला ते अपुरे वाटते. धान्य एका हंगामात संपते, पण या कुटुंबांनी शाळा धरून ठेवली. १८३१ पासून नगरात असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने आणि मागाहून आलेल्या जेझुइट फादरांनी गावोगाव शाळा काढल्या. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षराजवळ फिरकू दिले नव्हते, त्यांची मुले पाटी घेऊन बसली.

१९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम पाच माणसे साक्षर होती. तरी दोनच वर्षांनी, १९०३ साली, राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यातून जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले! पुढे ते पुण्याचे बिशप झाले. घरात एक वाचणारा असला, तरी ऐकणारे दहा असतात, हे त्यांनी जाणले असावे.

१९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि दोन्ही शब्द लिहिण्यात एक झाले. आपल्या घरी त्यापूर्वीचे प्रार्थनापुस्तक असेल, तर 'वांचव' या शब्दावर ते टिंब अद्याप सापडेल.