बाल सुरक्षा आसनांचा चुकीचा वापर

मोटारीतील बाल सुरक्षा आसन (कार सीट) गाडीत नीट न बसवणे, मुलाला त्यात नीट न बांधणे किंवा मुलाच्या वयास व वजनास न जुळणारे आसन वापरणे, यास बाल सुरक्षा आसनाचा चुकीचा वापर म्हणतात. अशा वेळी आसन असूनही अपघातात मुलास पुरेसे संरक्षण मिळत नाही.

व्याप्ती

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार, आसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो. मात्र याच संस्थेच्या पाहणीत सुमारे ४६ टक्के आसनांच्या वापरात संरक्षण कमी करणारी चूक आढळली.

सामान्य चुका

* सैल पट्टे: खांद्याजवळ पट्ट्याची घडी चिमटीत धरता आली, तर पट्टा सैल समजला जातो. जाड कोट धडकेत दबतो, त्यामुळे कोटावरून घट्ट बांधलेला पट्टाही सैल पडतो.
* सैल आसन: सीटबेल्ट आसनातून जातो तेथे धरून हलवल्यास आसन एक इंचाहून अधिक सरकू नये.
* पट्ट्याची उंची: मागे तोंड केलेल्या आसनात पट्टे खांद्यांच्या पातळीवर वा खाली, तर पुढे तोंड केलेल्या आसनात पातळीवर वा वर असावे लागतात.
* घाईने दिशा बदलणे: तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड व मान नाजूक असते. मागे तोंड असल्यास समोरील धडकेचा जोर डोके, मान व पाठीवर विभागला जातो.
* एअरबॅगसमोर आसन: चालू एअरबॅगसमोर मागे तोंड केलेले आसन ठेवणे जीवघेणे ठरू शकते.
* बुस्टर सीटवरील चूक: खांद्यावरचा पट्टा काखेखालून किंवा पाठीमागून घेणे.

प्रतिबंध

आसन थेट गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या आयसोफिक्स पद्धतीमुळे बसवण्यातील चुका कमी होतात. युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या आर१२९ नियमावलीनुसार १५ महिन्यांपर्यंत मुलाचे तोंड मागे असणे आवश्यक आहे.

भारतातील कायदा

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम १९४ब नुसार, १४ वर्षांखालील मुलास सीटबेल्ट वा बाल सुरक्षा आसनाने न बांधता वाहन चालवल्यास १,००० रुपये दंड होतो. आसन कसे बसवावे याचा तपशील या कलमात नाही. त्यासाठी उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेवर अवलंबून राहावे लागते.