जुना ट्रॅक्टर आणि आरसी बुक

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादला आयशरच्या कारखान्यातून निघाला. पुढं कित्येक वर्षं नव्यासाठी नंबर लावावा लागे, म्हणून जुन्यालाही भाव चढे. आता शेत वाढलं की आधी जुनाच दारात येतो. टायर, इंजिन सगळे तपासतात. आरसी बुक कुणी उघडत नाही. त्यावर बँकेचा बोजा असला आणि आधीच्या मालकाचं कर्ज थकलं, तर ट्रॅक्टर आपल्या दारातून ओढून नेतात. बँकेचा ना-हरकत दाखला अन् फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर.

आणि नाव? २००५ च्या कायद्यानं हिंदू घरातल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क दिला. सातबाऱ्यावर आम्ही थोड्याजणी आलो. आरसी बुकावर मात्र दिराचं नाव, हप्ते भरते वहिनी, असंही आम्ही पाहतो.