सुझानाचे फूल

इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर सतराव्या शतकात गेऑर्ग रुंफियस हा जर्मन माणूस डच ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी करत होता. बेटावरच्या वनस्पतींची समग्र नोंद करणे हा त्याचा ध्यास. पत्नी सुझाना या कामात त्याच्या बरोबरीने रानोमाळ हिंडायची. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १७ फेब्रुवारी १६७४ च्या भूकंपात सुझानाही गेली. तिनेच दाखवलेल्या एका शुभ्र रानफुलाला त्याने तिच्या आठवणीसाठी नाव दिले: ‘फ्लॉस सुझाने’.

हे जमिनीवर वाढणारे ऑर्किड आहे. कंदातून वर आलेला दांडा गवतातून डोके काढतो. फुलाच्या ओठाचे तीन भाग असतात आणि बाजूचे दोन फणीच्या दात्यांसारखे कातरलेले. मागे लांबलचक, पोकळ शुंडिका लोंबते. तिच्या तळाशी मकरंद असतो आणि लांब सोंडेच्या पतंगांनाच तो मिळतो.

रुंफियसच्या या वनस्पती-नोंदींच्या हस्तलिखिताची चित्रे १६८७ च्या आगीत जळाली. १६९२ मध्ये युरोपला निघालेली प्रत जहाजासह बुडाली. बटाव्हियात (आजच्या जकार्तात) ठेवलेल्या नकलेमुळे ग्रंथ वाचला आणि १७४१ पासून ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. रुंफियस मात्र १७०२ मध्येच वारला होता.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या फुलाला ‘ऑर्किस सुझाने’ म्हटले. त्याच्या ‘ऑर्किस’ प्रजातीत कितीतरी वेगळ्या वनस्पती कोंबलेल्या होत्या, त्यामुळे पुढे फाटाफूट अटळ होती. लिंडलीने १८३५ मध्ये हे फूल ‘प्लॅटँथेरा’त हलवले, तर राफिनेस्कने १८३७ मध्ये ‘पेक्टेइलिस’ या प्रजातीत. काहींनी ते ‘हाबेनारिया’त घातले. हाबेनारियाच्या कुक्षी (परागकण झेलणारे भाग) देठावर उचललेल्या असतात, पेक्टेइलिसच्या बिनदेठाच्या. वाद अशा बारकाव्यांवर चालतो. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारा वाघचौरा, म्हणजे पेक्टेइलिस जायगँशिया, हे याच प्रजातीतले भावंड. आता डीएनएच्या अभ्यासातून हाबेनारिया हा एकाच पूर्वजाचा एकसंध गोतावळा नाही असे दिसल्याने प्रजातींच्या सीमा पुन्हा तपासल्या जात आहेत.

या साऱ्या उलथापालथीत ‘सुझाने’ मात्र टिकले. प्रजाती बदलली तरी जातीचे सर्वांत आधी दिलेले नाव शक्यतो राखायचे, असा वनस्पतिशास्त्राचा नियम आहे. त्या काळी रान धुंडाळणाऱ्या कितीतरी बायकांचे श्रम पुरुषांच्या ग्रंथांत निनावी विरून गेले. सुझानाचे नाव नवऱ्याने लिहून ठेवले आणि शास्त्राच्या नियमाने ते जपले. वर्गीकरणाच्या कोरड्या वाटणाऱ्या शिस्तीचे हे ऋण मोठे आहे.