सीटी स्कॅन : रुग्णालयीन वापरातील औचित्य (लखनौ)

सीटी स्कॅन म्हणजे संगणकीय छेदचित्रण. रुग्णाभोवती फिरणाऱ्या नळीतून क्ष-किरण सोडले जातात, शरीराच्या पलीकडे किती किरण पोहोचले हे अनेक कोनांतून मोजले जाते आणि त्या आकड्यांवरून संगणक शरीराच्या छेदांची चित्रे तयार करतो. ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. या शोधासाठी १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले. पाणी ० आणि हवा उणे १००० असे मानणारे ऊतींच्या घनतेचे माप आजही हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखले जाते. या नोंदीत यंत्राच्या रचनेपेक्षा ते कोणासाठी, केव्हा आणि का चालवावे याचा विचार केला आहे. स्कॅनच्या निष्कर्षाने उपचाराचा पुढचा निर्णय बदलणार असेल आणि तोच निष्कर्ष कमी धोक्याच्या तपासणीतून मिळणार नसेल, तेव्हाच स्कॅन उचित ठरतो. स्कॅनची संख्या जास्त की कमी, यावरून औचित्य ठरत नाही.

हा प्रश्न समजून घ्यायला लखनौ हे चांगले उदाहरण आहे. १९११ पासून वैद्यकीय शिक्षण देणारे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आणि त्याचे ट्रॉमा सेंटर, १९८३ च्या कायद्याने स्थापन झालेली संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि गोमतीनगरातील राम मनोहर लोहिया संस्था येथे केवळ शहरातले रुग्ण येत नाहीत. सीतापूर, हरदोई, उन्नाव, रायबरेली, बाराबंकी आणि त्याही पलीकडच्या जिल्ह्यांतून रुग्ण ‘रेफर’ होऊन येतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१५ च्या मोफत निदान योजनेत जिल्हा रुग्णालयातील सीटी स्कॅनचाही समावेश आहे. त्यामुळे स्कॅन एका गावी आणि उपचार दुसऱ्या गावी, असा प्रवास आता नेहमीचा झाला आहे. अशा व्यवस्थेत दोन उलट दोष एकाच वेळी संभवतात. ज्याला पहिल्या तासात स्कॅन हवा होता त्याला तो उशिरा मिळतो, आणि ज्याचा स्कॅन झालेला आहे त्याची फिल्म किंवा सीडी वाटेत राहिली म्हणून तोच स्कॅन पुन्हा काढावा लागतो. म्हणून ‘स्कॅन कमी करा’ हा सरसकट उपदेश पहिल्या रुग्णावर अन्याय करतो आणि ‘यंत्रे वाढवा’ ही सरसकट मागणी दुसऱ्यावर.

सीटीला पर्याय नाही असे प्रसंग आधी पाहू. अचानक एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णात रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. पहिल्या प्रकारात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, तर दुसऱ्यात तेच औषध घातक ठरते. येथे काही मिनिटांचा साधा स्कॅन उपचाराची दिशाच ठरवतो. मात्र चित्र म्हणजे निदान नव्हे, हेही भारतीय मेंदूविज्ञानाने याच यंत्राकडून शिकले. आकडी येणाऱ्या रुग्णांच्या स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर उजळणारी एकच लहान गाठ आपल्याकडे वारंवार दिसे आणि ती क्षयाची समजून दीर्घकाळ औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये अशा गाठींचे नमुने तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य पट्टकृमीच्या अळीच्या पुटी असल्याचे दिसले. अशी गाठ बऱ्याचदा आपोआप विरते. लखनौच्या मेंदूविकारतज्ज्ञांनीही या विकारावर भरपूर लेखन केले आहे. पाठपुराव्याचा स्कॅन कधी घ्यायचा, हे त्या निष्कर्षाने औषध बदलणार किंवा थांबणार आहे का यावर ठरवावे लागते. लहान मुलांत तर हा विचार अधिक काटेकोरपणे करायला हवा.

त्याचे कारण प्रारण. छातीच्या एका साध्या एक्स-रेत मिळणारी मात्रा ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नसते. डोक्याच्या सीटीत ती सुमारे २, तर पोटाच्या सीटीत ८ ते १० मिलिसिव्हर्ट असते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपी-सीटी’ या युरोपीय अभ्यासात २२ वर्षांखालील वयात स्कॅन झालेल्या सुमारे साडेनऊ लाख व्यक्तींचा मागोवा घेतला गेला. आजच्या सर्वसाधारण मात्रेचा एक स्कॅन झालेल्या दर १०,००० मुलांमागे पुढील बारा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचे एक ते दोन जादा रुग्ण संभवतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. आधीच आजारी असलेल्या मुलांचेच स्कॅन होतात, म्हणून कर्करोग जास्त दिसतो, असा आक्षेप अशा अभ्यासांवर पूर्वी घेतला जाई. तो लक्षात घेऊन या अभ्यासात स्कॅननंतरचा सुरुवातीचा काळ हिशेबाबाहेर ठेवला होता.

एवढ्या लहान धोक्याचा बाऊ का करावा, असे विचारले जाते. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, हा वाद उघडपणे झाला. एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे, असे एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया म्हणाले. हा हिशेब जुन्या यंत्रांचा आहे आणि आजच्या कमी मात्रेच्या छातीच्या स्कॅनला लागू नाही, असे क्ष-किरणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने उत्तर दिले. यंत्रापुरता संघटनेचा मुद्दा बरोबर होता, पण मूळ प्रश्न त्याने सुटत नव्हता. ताप-खोकला सौम्य आणि ऑक्सिजनची पातळी उत्तम असताना स्कॅनवरून फुप्फुसांच्या बाधेला दिला जाणारा स्कोअर २५ पैकी ६ निघो वा ९, उपचार तोच राहणार होता. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्येच एचआरसीटीचे (छातीच्या तपशीलवार सीटीचे) दर यंत्रानुसार २,००० ते ३,००० रुपयांवर बांधले आणि उत्तर प्रदेशानेही दरमर्यादा घातली. रुग्णाच्या खिशाला त्याने दिलासा मिळाला, पण स्वस्त झाल्याने अनावश्यक स्कॅन आवश्यक होत नाही. एका रुग्णाचा धोका नगण्य असला, तरी लाखो स्कॅनच्या बेरजेत तो उरतोच. आणि जिथे फायदा शून्य आहे, तिथे लहान धोका घेण्याचेही कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डोक्याला किरकोळ मार लागलेल्या प्रौढांत कोणाचा स्कॅन करावा, याचे नियम २००१ मध्ये कॅनडात तयार झाले. दोन तासांनंतरही शुद्ध पूर्ववत न होणे, दोन किंवा अधिक उलट्या, कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाची लक्षणे, वय ६५ किंवा अधिक, हे त्यांतले काही निकष. हे नियम लखनौला लागू पडतील का? रुग्णाला काही तास निरीक्षणाखाली ठेवायचे, तर खाट हवी आणि वारंवार तपासणारी परिचारिका हवी. ट्रॉमा सेंटरच्या गर्दीत या दोन्हींची वानवा असते, आणि घरी पाठवलेला रुग्ण रात्री बिघडला तर तो शंभर किलोमीटरवरून परत येणार कसा? हा आक्षेप मान्यच करायला हवा, मात्र त्यातून नियम सोडून देण्याचे समर्थन निघत नाही. निरीक्षण शक्य नसेल तिथे स्कॅनचा उंबरठा खाली आणणे हाही सकारण निर्णयच आहे, फक्त ते कारण अर्जावर लिहिलेले असावे. कायद्याच्या भीतीलाही हेच उत्तर लागू पडते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणल्यापासून बचावासाठी तपासण्या लिहिण्याची ओढ वाढली, असे म्हटले जाते. पण जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, दुसरा मार्ग उपलब्ध होता एवढ्यानेच डॉक्टर हलगर्जी ठरत नाही. मान्य निकषानुसार घेतलेला आणि लेखी नोंदवलेला निर्णय हा अकारण काढलेल्या फिल्मपेक्षा भक्कम बचाव आहे.

मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळ सीटी यंत्रांना परवाने देते आणि कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घालते. रुग्णासाठी मात्र अशी मर्यादा नाही, आणि तसे असणे योग्यच आहे, कारण रक्तस्राव शोधताना मात्रेचा आकडा आड येता कामा नये. पण म्हणूनच रुग्णाचे रक्षण निर्णयाच्या गुणवत्तेवर अवलंबून राहते. अर्जावर ‘सीटी ब्रेन’ एवढेच न लिहिता शंका काय आहे ते लिहिणे, जुनी चित्रे आधी मागणे, मुलांसाठी वजनानुसार मात्रा कमी करणे, पोटदुखीच्या मुलात आधी सोनोग्राफी करणे, कॉन्ट्रास्टपूर्वी मूत्रपिंडाची स्थिती पाहणे आणि रेफर करताना रुग्णासोबत चित्रांची प्रत देणे, यांपैकी कशालाही नवे यंत्र लागत नाही. सीतापूरहून निघालेला रुग्ण लखनौला पोहोचेपर्यंत त्याचे चित्र आणि ते काढण्याचे कारण दोन्ही त्याच्यासोबत पोहोचले, तर दुसऱ्या स्कॅनची गरज बऱ्याचदा उरणार नाही. आणि जिथे ती उरेल, तिथे तो विनाविलंब काढता येईल.