पोराला अ‍ॅनिमेशनला घालताय? मग आधी हा इतिहास वाचा

बारावीचा निकाल लागला की पनवेलमध्ये हल्ली एक नवा प्रश्न ऐकू येतो. "पोरगं म्हणतंय अ‍ॅनिमेशन करायचंय. घालू का?" पूर्वी इंजिनिअरिंग, फार्मसी नाहीतर आयटीआय, एवढ्यावर विषय संपायचा. आता भाताणला अ‍ॅमिटी विद्यापीठ आहे, खारघरला निफ्ट आहे, मुंबईच्या जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. होर्डिंगवर बघावं तिथे थ्रीडी, व्हीएफएक्स, गेमिंग. फी लाखांत. कुणी जमिनीचे आलेले पैसे मोडतो, कुणी कर्ज काढतो. म्हणून आज थोडा इतिहास.

मंडळी, चित्र हलवायची विद्या आपल्या महाराष्ट्रात एकदा नाही, चारदा आली. तीनदा आली तशी गेली. चौथ्यांदा टिकली. का टिकली हे कळलं, तर पैसे कुठे घालायचे हेही कळेल.

पहिली वेळ आपल्या शेजारच्या कल्याणची. सन १८९२. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. शंबरासुराची माया ती शांबरिक, आणि खरोलिका म्हणजे कंदील. काचांवर हाताने रंगवलेली बारीक चित्रं, मागे दिवा, समोर पडदा. काचा भराभर सरकवल्या की पडद्यावरची चित्रं हलल्यासारखी दिसायची. जोडीला निवेदन आणि संगीत. मुंबईत वॉटसन हॉटेलात सिनेमाचा पहिला खेळ झाला ७ जुलै १८९६ ला, म्हणजे कल्याणकर चार वर्षं पुढेच! पण ही विद्या घरच्या घरात राहिली. सिनेमा आला, खेळ बंद पडले, आणि काचा जपून ठेवायची वस्तू झाल्या.

दुसरी वेळ दादासाहेब फाळक्यांची. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्याही आधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर ते रोप बघता बघता उगवताना दाखवलं. ती छोटी फिल्म बघूनच त्यांना भांडवल मिळालं. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडी जराशी हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची, पुन्हा एक चित्र. आजच्या कॉलेजात याला स्टॉप मोशन म्हणतात आणि त्याचा वेगळा विषय असतो. फाळक्यांनी माणसं खूप तयार केली, पण ती सिनेमासाठी. काड्यांच्या खेळाला वारस मिळाला नाही.

तिसरी वेळ पुण्याची. १९३४ साली प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हे कार्टून काढलं. काम करणारा माणूस जर्मन, बोडो गुटश्वागर. स्टुडिओ भारतातल्या उत्तम स्टुडिओंपैकी एक, पैसा होता, नाव होतं. तरी प्रभातमधून कार्टूनची परंपरा काही उभी राहिली नाही.

आता चौथी. १९५६ साली मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. शिकवायला डिस्नेतून क्लेअर वीक्स आले. 'बॅम्बी' आणि 'पीटर पॅन'वर काम केलेला हा माणूस, जन्म मात्र भारतातला, मिशनरी आईबापाच्या पोटचा. त्यांनी नुसती यंत्रं लावून दिली नाहीत. पोरांना हाताशी घेऊन जातककथेवरची 'द बनियन डिअर' ही फिल्मच करायला लावली. शिकायचं ते करत करत, आणि गोष्ट आपली.

त्या पहिल्या तुकडीत रसायनशास्त्र शिकलेला एक तरुण होता, राम मोहन. पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवायला लागलेले भीमसेन त्यांच्याच हाताखाली अ‍ॅनिमेशन शिकले. आणि याच भीमसेन यांनी आपल्या विजया मुळे यांच्यासोबत १९७४ साली 'एक अनेक और एकता' केली. दूरदर्शन बघत वाढलेल्या माझ्या पिढीला ती चिमण्यांची फिल्म आजही तोंडपाठ आहे. वीक्स, मग राम मोहन, मग भीमसेन. हाताला हात लागत गेला म्हणून विद्या टिकली.

फरक कशाचा होता? पहिल्या तिन्ही वेळी बुद्धी होती, यंत्र होतं, प्रभातकडे तर पैसाही होता. नव्हतं ते शिकवणं, आणि शिकलेल्याला पुढे पगाराचं काम. १९५६ ला हे दोन्ही एका छपराखाली आलं. बस, एवढाच फरक.

आता आजचं बघू. सिनेमाच्या एका सेकंदात २४ चित्रं असतात, म्हणजे मिनिटाला १,४४०. एक चित्र दोनदा वापरलं तरी ७२० काढावी लागतात. जुन्या स्टुडिओत मुख्य कलाकार महत्त्वाची चित्रं काढायचा आणि मधली भरायला नवशिकी पोरं बसवायचा. कंटाळवाणं काम, पण तीच शाळा होती. हात कुठून सुरू होतो, कुठे थांबतो, वजन कुठल्या पायावर पडतं, हे हजारो चित्रं काढून अंगात मुरायचं. पगारही मिळायचा.

ती मधली चित्रं कॉम्प्युटर केव्हापासूनच भरू लागलाय, आणि आता एआय त्याच्याही पुढे गेलाय. म्हणजे शिडीची खालची पायरीच निघाली! स्टुडिओला तयार माणूस हवा, तयार करायला वेळ नाही. ती पायरी आता विद्यापीठानेच व्हायला हवं. सॉफ्टवेअरची बटणं शिकायला विद्यापीठ लागत नाही. ब्लेंडर फुकट मिळतं, शिकवणारे व्हिडिओही फुकट. विद्यापीठात जायचं ते चित्र, वेळ आणि गोष्ट या तिन्हीची सवय लागायला, आणि चुकलं तिथे कान धरणारा मास्तर मिळायला.

म्हणून पालकांनो, प्रवेश घ्यायला गेलात की लॅबमध्ये किती कॉम्प्युटर आहेत हे शेवटी विचारा. आधी हे विचारा.

गेल्या वर्षीच्या पोरांनी केलेल्या फिल्म दाखवता का? जाहिरात नको, फिल्म.

शिकवणाऱ्यांनी स्वतः कुठल्या फिल्मवर काम केलंय?

पहिल्या वर्षी पेन्सिल किती महिने हातात असते? स्टोरीबोर्ड, म्हणजे अख्खी गोष्ट चौकटी-चौकटीत मांडणं, शिकवतात का?

आणि पदवी यूजीसीच्या यादीतल्या विद्यापीठाची आहे का? 'विद्यापीठाशी टायअप' हा शब्द ऐकला की कागद मागा.

गोष्टीसाठी लांब जायला नको. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. एका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी. एकेक चित्र समोर धरायचं आणि गात गात रामायण-महाभारत सांगायचं. मला विचाराल तर हा आपला जुना स्टोरीबोर्डच. बुडत चाललेली ही कला परशुराम गंगावणे यांनी गोठ्याचं संग्रहालय करून, लोकांना शिकवून धरून ठेवली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथेही गोष्ट तीच. शिकवणारा होता, म्हणून कला उरली.

सरकारही जोरात आहे. जुलै २०२५ मध्ये पेडर रोडला, फिल्म्स डिव्हिजन म्हणून आपण ज्या जागेला ओळखतो त्याच आवारात, आयआयसीटी ही केंद्राची नवी संस्था सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंत ३,२६८ कोटींचं. चांगलंच आहे. पण यातले किती रुपये यंत्राला आणि किती मास्तरांना, हे विचारायचं काम आपलं.

आणि सुरुवात गावातून करू. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील, तर कला शिकवायला अर्धवेळ शिक्षक द्यायची तरतूद आहे. तुमच्या गावच्या शाळेत तो आहे का? पुढच्या पालकसभेत हात वर करून एवढं एकच विचारा. बारावीनंतर लाखांची फी भरून जी रेघ शिकायची, ती सहावीत फुकट शिकता येते.