कार्बोरेटर आणि टर्बो : एक अवघड सोयरीक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनाचा विषय निघाला की आधी आठवते ते शेतीचे ऑइल इंजिन. म्हादबा मेस्त्रींपासून सांगितली जाणारी ही परंपरा ओतकाम आणि लेथ यांच्या बळावर वाढली. ते इंजिन डिझेलचे. त्याला कार्बोरेटर नसतो. आमच्या विषयात हा तपशील निर्णायक आहे.

बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर आत जाणारी हवा दाबावी, या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली घेतले. 1920 च्या दशकात ती रुजली जहाजांच्या डिझेल इंजिनांवर. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबली जाते, इंधन शेवटी येते. कार्बोरेटरवाल्या इंजिनात मात्र पेट्रोल हवेत आधीच मिसळलेले. दाब आणि उष्णता वाढली की ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. गॅरेजात ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात ते हेच. ते चालू राहिले तर पिस्टनला भोक पडते.

1962 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी यावर दोन उत्तरे काढली. शेव्हरोलेने कॉर्व्हेअरचे कॉम्प्रेशन आठास एकवर उतरवले. ओल्ड्समोबिलने जेटफायरमध्ये ते सव्वादहास एकच ठेवले आणि नॉकिंग आवरण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत सोडले. त्याची वेगळी टाकी गिऱ्हाइकाने भरत राहायची! अनेकांनी ती भरलीच नाही. जेटफायर दोन वर्षांत दहा हजारही निघाली नाही. पुढे कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची सोय केली. हुशारी ओल्ड्समोबिलची खरी, पण शहाणपण आम्हांस शेव्हरोलेचे वाटते.

दोन्ही गाड्यांत कार्बोरेटर टर्बोच्या आधी होता. त्यामुळे तो नेहमीसारखा वागे. पण पेट्रोलमिश्रित हवेला टर्बोतून लांबचा प्रवास करावा लागे आणि थंड इंजिनात पेट्रोल भिंतींना चिकटून राही. 1980 च्या लोटस एस्प्रीने क्रम उलटा केला : आधी टर्बो, मग कार्बोरेटर. तेव्हा प्रश्न फ्लोटच्या कप्प्याचा. बाहेरून हवेचा दाब आला आणि कप्प्यात तो नसला, तर जेटमधून पेट्रोल येणार कसे? म्हणून कप्प्यालाही तोच दाब पोहोचवावा लागतो आणि पेट्रोल-पंपाचा दाब त्याहून वर ठेवावा लागतो. मासेरातीने 1981 च्या बायटर्बोत अख्खा कार्बोरेटरच दाबाच्या पेटीत कोंडला.

भारतात 2000 च्या सुमारास मारुती 800 ला एमपीएफआय आले, आणि नव्या मोटारींपुरता हा प्रश्न मिटला. उरल्या जुन्या गाड्या. डिझेल जीपचा टर्बो पद्मिनीला जोडला की झाले, असे समजणारे हौशी भेटतात. त्यांना नळ्या जुळवणे हेच काम वाटते. (मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम त्यांच्या गावीही नसते.) खरे काम त्याआधीचे : पिस्टनचे डोके मापात उतरवून कॉम्प्रेशन कमी करणे. ते लेथवाल्याचे काम आहे, आणि तसा लेथवाला उद्यमनगरात अजून भेटतो.